देशमुखांचं विमान

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या रेल्वेच्या अरुंद रुळांवरच्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, कपड्यांची पेटी आणि एक कातडी टोपी एवढंच सामान होतं. टोपी वैमानिकाची होती. जुहूच्या मैदानावर विमान चालवायला शिकलो, उतारू नेण्याचा परवाना मिळवला, आणि त्यानंतर सबंध वर्ष मी नाशिकला वडिलांच्या घरी बसून होतो. ज्या ज्या कंपनीला अर्ज केला तिचं उत्तर एकच येई: अनुभव हवा. विमान हाती आल्याशिवाय अनुभव मिळत नाही आणि अनुभवाशिवाय कुणी विमान हाती देत नाही. शेजारची माणसं आधी कौतुकानं विचारत, "काय वैमानिक, कधी उडणार?" पुढे तीच माणसं मला पाहून विषय बदलू लागली. ते जास्त लागत असे.

अशात जुहूच्या एका ओळखीच्या मिस्त्र्यानं कळवलं, की हिंगोलीकडच्या एका देशमुखांनी कुण्या संस्थानिकाचं जुनं विमान विकत घेतलं आहे आणि ते चालवायला माणूस शोधताहेत. मी पत्र टाकलं. "येऊन भेटावे," एवढंच उत्तर आलं. हिंगोली कुठे आहे हे मी नकाशात पाहिलं ते त्या दिवशी.

निजामाच्या हद्दीत शिरल्यावर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं माझी पेटी उघडायला लावली. टोपीबरोबर ठेवलेला मोठा चष्मा त्यानं वर काढला.

"ये काय हाय?"

"विमान चालवताना डोळ्यांवर लावतात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या जोडीदाराला हाक मारली. दोघांच्या आग्रहाखातर मला भर फलाटावर ती टोपी आणि चष्मा चढवून उभं राहावं लागलं. डब्यातली माणसं खिडक्यांतून बघत होती. "जाव साहब, उडो," असं म्हणून त्यानं पेटी बंद केली. मी हसलो खरा, पण वर्षभरात ती टोपी डोक्यावर चढली होती ती अशी.

औरंगाबाद, जालना, परभणी मागे टाकत सकाळी पूर्णा जंक्शनला उतरलो. हिंगोलीची गाडी इथून निराळी. फलाटावर चहा घेत इंजिनाच्या धुराकडे पाहत असताना शेजारी उभा असलेला एक उंच, किडकिडीत गृहस्थ म्हणाला, "वारा पश्चिमेचा आहे. उतरायला चांगला."

मी चमकून पाहिलं. तो हसला. "धूर बघताना तुमची मान ज्या तऱ्हेनं वळली ती ओळखीची वाटली. देशमुखांकडेच ना?"

मी हो म्हटलं आणि नाव सांगितलं: वैद्य, नाशिकचा. त्याचं नाव बळवंत सबनीस. इंदूरचा. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा असेल. गावोगाव कसरती दाखवत फिरणाऱ्या एका विमान-कंपनीत तो होता. ती बुडाली. तेव्हापासून इंदूरच्या एका सिनेमागृहात तो दारावर तिकिटं फाडत होता. जागा एकच आणि आम्ही दोघं, हे दोघांच्याही लक्षात आलं. मग त्यानं पिशवीतून शेवेची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या हो. भांडण हिंगोलीला गेल्यावर करू."

वसमतच्या पुढे दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन लागली. फाल्गुन होता. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उभ्या होत्या आणि मधूनच एखादा पळस असा फुललेला, की बाकीचं रान आणखीच करपलेलं दिसावं. एका स्टेशनाजवळ कढयांतून हळद शिजत होती. तिचा मातकट, उग्र वास डब्यात शिरला आणि हिंगोलीपर्यंत कपड्यांना चिकटून राहिला. सबनीस खिडकीतून बाहेर पाहत एकेक शेत मनात मोजत असावा. "इथे उतरता येईल," तो पुटपुटे. "इथे नाही. बांध उंच आहे." मीही तेच करत होतो.

हिंगोलीला उस्मान नावाच्या म्हाताऱ्या टांगेवाल्यानं आमच्या वळकट्या उचलल्या. "देशमुखाच्या इमानाचं (विमानाचं) काम हाय का? दोघांचं बी?"

"दोघांचंही. तुम्ही पाहिलंय का विमान?"

"पाह्यलं म्हंजे? समद्या गावानं पाह्यलं. एक साहब घेऊन आले, परेडीच्या मैदानात उतरवलं, अन् रेल्वेनं निघून गेले. तवापासून जिनात उभं हाय. पावसाळाभर तिथंच व्हतं." जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. उस्माननं चाबूक हलवला. "लेकरं रोज विचारतात, चाचा, कवा उडंल? म्या म्हनतो, पंख हायेत तर उडंलच की."

मी सबनीसाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता.

देशमुख पन्नाशीपलीकडचे, ठेंगणे, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी आम्हा दोघांना जिनाच्या आवारातल्या खोल्यांत उतरवलं आणि आपल्याबरोबर जेवायला बसवलं. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाची चटणी आणि वर ताक. वाढताना त्यांचा हात सैल होता.

"आमचं कसं हाय," ते म्हणाले, "हैद्राबादेत जमिनीचा मुकदमा चालू हाय. तारीख पडली की जायाला दोन दिस, यायाला दोन. अन् तिथं गेल्यावर वकील म्हनतो, तारीख पुढं गेली. इमानानं सकाळी जाऊन संध्याकाळी भाकर खायाला घरी. बराबर हाय का न्हाई?"

"बरोबर आहे," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"अन् दुसरं," ते जरा लाजून म्हणाले, "लहानपनापासून पाखरं पाहून राह्यलो. एकदा वरून आपलं शेत पाहावं वाटतं."

या माणसावर राग धरणं मला पुढेही जमलं नाही, त्याचं कारण हे वाक्य असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनाचं मोठं दार उघडलं. कापसाच्या धुरळ्यात ते उभं होतं. दोन मजली पंखांचं, एकामागे एक अशी दोन आसनं, वरून उघडं. अशाच विमानावर मी शिकलो होतो. जवळ जाऊन त्याच्या नाकावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. इंजिन चांगलं होतं. तेल घातलेलं, झाकून ठेवलेलं. देशमुखांनी पंप-इंजिनाच्या मिस्त्र्याकडून त्याची काळजी घेववली होती. लखनौच्या अत्तरासारखं ते सांभाळलं होतं.

पण पंख कुणी पाहिले नव्हते. अशा विमानाचा पंख म्हणजे लाकडाचा सांगाडा. पातळ पट्ट्या सरसानं जोडलेल्या आणि वरून ताणून बसवलेलं, रोगण दिलेलं कापड. बाहेरून सगळं नीटनेटकं दिसतं. मी डाव्या खालच्या पंखाखाली उताणा झोपलो, तपासणीची झडप उघडली आणि हात आत घातला. बोटांना पांढरी भुकटी लागली. आणखी आत, जिथे आडवी पट्टी पंखाच्या मुख्य वाशाला जोडलेली असते, तिथे अंगठ्यानं दाबलं. पट्टी सरकली. पावसाळ्याच्या ओलीनं सरस सुटला होता. उजव्या बाजूला तेच.

मी बराच वेळ तसाच जमिनीवर पडून राहिलो. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते विमान माझ्या छातीवर होतं आणि त्याला मीच नको म्हणणार होतो.

देशमुखांना मी समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"पण कागद तर चालू हाय," ते म्हणाले. "साल सरेपर्यंत उडवायची परवानगी हाय. काहून उडणार न्हाई?"

"कागदाला ओल लागली नाही, देशमुखसाहेब. लाकडाला लागली आहे. पंख उघडून, सगळे सांधे नव्यानं जोडून घ्यायला हवेत. मुंबईहून कारागीर आणावा लागेल. तोवर मी हे उडवणार नाही."

देशमुखांचा चेहरा उतरला. गावातल्या किती माणसांना त्यांनी शब्द दिला होता कोण जाणे. ते सबनीसाकडे वळले. "तुमचं काय म्हननं हाय?"

सबनीसानं मी उघडलेल्या झडपेत हात घातला. त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि थांबला. मग त्यानं तो बाहेर काढला आणि धोतराला पुसावा तसा पाटलोणीला पुसला.

"मी उडवीन," तो म्हणाला.

जिनाच्या मागे कापसाच्या गासड्यांआड मी त्याला गाठलं. "सबनीस, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग?"

"वैद्य, तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. तुम्हाला 'नाही' म्हणता येतं. परत जाऊन आणखी एक वर्ष बसता येतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "माझी मुलगी शाळेत सांगते, माझे वडील विमान चालवतात. परवा तिची मैत्रीण आईबापांबरोबर सिनेमाला आली. मी त्यांची तिकिटं फाडली. मुलीनं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"पण पंख तुटला तर—"

"सावकाश नेईन. सकाळच्या थंड हवेत वर जायचं, मोठं वळण घ्यायचं, अलगद उतरायचं. झटका बसू द्यायचा नाही. एकदा नोकरी हाती आली की दुसऱ्या दिवशी मीच सांगतो, पंख उघडायला पाहिजेत. माझ्या हातानं उघडतो. आज सांगितलं तर ते आपल्या दोघांनाही घरी पाठवतील आणि तिसरा कुणी आणतील."

त्यात खोटं काही नव्हतं. मी त्याच्या दंडाला धरलं, म्हटलं, "नका जाऊ." त्यानं माझा हात हलकेच सोडवला.

परेडीच्या मैदानावर दुसऱ्या सकाळी सगळी हिंगोली लोटली होती. छावणी उठून गेल्यावर ओस पडलेलं ते मैदान त्या दिवशी जत्रेसारखं भरलं. गुळाचे शेंगदाणे विकायला आले, कुणी बैलगाड्या जोडून पुसेगावाकडून आलं. मी विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवून दिला. इंजिन लागलं. सबनीसानं माझ्याकडे पाहून अंगठा वर केला आणि विमान धावू लागलं.

ते फार सुंदर उडालं. जमीन कधी सुटली हे कळलं नाही इतक्या नाजूकपणे त्यानं ते वर घेतलं. कयाधू नदीवरून लांबलचक वळण घेतलं, इतकं सपाट, की पंख जेमतेम कलले. माणसं ओरडत होती. देशमुख रुमालानं डोळे पुसत होते. मी मात्र त्या पंखांच्या मुळाकडे बघत होतो आणि इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनात "उतर, उतर" म्हणत होतो. ते उतरलं. उसळी नाही, धक्का नाही. माझ्यानं तसं उतरवणं झालं नसतं.

नोकरी त्याची झाली. देशमुखांनी मला प्रेमानं पानसुपारी दिली. "वाईट वाटून घेऊ नका. तुमी लई घाबरता, येवढंच." जमलेली चार माणसं हसली. मला वाटलं, खरंच का मी नुसता घाबरलो? वर्षभर बसून माझ्यातला वैमानिक गेला आणि झडपेत हात घालणारा कुणी भलताच माणूस उरला का?

सबनीस मला स्टेशनवर पोचवायला आला. त्याचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. "पंखांचं मी आजच बोलतो," तो म्हणाला. "आणि इथलं काम वाढलं की तुम्हाला बोलावून घेतो. नक्की." गाडी सुटेपर्यंत तो खिडकीशी उभा होता.

पूर्णेला मनमाडकडची गाडी चुकली. मी मुसाफिरखान्यात पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी पुढची गाडी यायला वेळ होता, तेवढ्यात हिंगोलीहून गाडी आली. उतरणारी माणसं मोठमोठ्यानं बोलत होती. "इमान पडलं" एवढे शब्द ऐकू आले. मी एकाचा हात धरला.

"काल दोपारी," तो म्हणाला. "कळमनुरीच्या रस्त्याला. पंखच मोडला, हवेतच. मानूस गेला."

त्याच गाडीच्या परतीच्या फेरीत मी बसलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. सबनीसानं येताना गाडीत मला इंदूरच्या घराचा पत्ता सांगितला होता, गावात दुसऱ्या कुणाला तो ठाऊक नसेल. एवढं कारण मी स्वतःला दिलं.

उस्मान स्टेशनवरच होता. टांग्यात त्यानं मला सगळं सांगितलं. दुपारी देशमुखांचे कळमनुरीचे पाहुणे आले. सकाळचं त्यांचं पाहायचं राहिलं होतं. सबनीस म्हणाला, आता ऊन फार आहे, उद्या सकाळी. पाहुणे म्हणाले, एकच फेरी. देशमुखांनाही त्याच वेळी बसायचं होतं. सबनीसानं त्यांना खाली ठेवलं. म्हणाला, आधी एकटा जाऊन हवा पाहतो.

"लई मनाला लावून घेतलं देशमुखांनी," उस्मान म्हणाला. "बसले असते तर दोघं बी गेले असते. त्या साहबानं जान वाचवली त्यांची."

फाल्गुनातल्या दुपारी काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा उसळ्या मारते. सकाळी जो झटका त्यानं बसू दिला नव्हता तो दुपारी हवेनंच दिला.

दवाखान्यात मी त्याला पाहिलं. त्याबद्दल लिहीत नाही. इंदूरला तार केली, पण उन्हाळा तोंडावर होता, वाट पाहता येणार नव्हती. कयाधूच्या काठी, आटलेल्या पात्राशेजारी, आम्ही त्याला नेलं. गावातली कितीतरी माणसं आली. उस्मान लाकडं रचायला लागला. कुणीतरी विचारलं, "अग्नी कोन देनार?" सगळे माझ्याकडे बघू लागले. ज्या माणसाशी माझी चार दिवसांची ओळख, त्याला मी अग्नी दिला.

देशमुख वाळूत बसले होते. माझ्याकडे वर न पाहताच म्हणाले, "तुमी सांगितलं व्हतं. आमी हसलो."

मी त्यांच्याशेजारी वाळूत बसलो. मी खरं सांगितलं होतं आणि त्याचा कुणालाच उपयोग झाला नव्हता.

निघताना ते स्टेशनवर आले. एका रात्रीत खूप वाकले होते. गाडी हलायच्या आधी खिडकीच्या गजांना धरून हळू आवाजात म्हणाले, "वैद्य, इचारू नये, पन इचारतो. ते मोडलेलं पाहून झोप लागंना. पन आकाश बी सुटंना. पुढं कवा नवं, कोरं मशीन आनलं... तर तुमी याल का?"

सबनीसाच्या चितेचा वास माझ्या कपड्यांना अजून होता. मी म्हणालो, "येईन."

क्षणभरही थांबलो नाही.

मनमाडहून खंडव्यामार्गे मी आधी इंदूरला गेलो. सबनीसाचं घड्याळ आणि कपडे पोचवायचे होते. त्याची पत्नी एका चाळीत राहत होती. तार पोचली होती. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग बाई म्हणाल्या, "तुम्ही तिथे होता. एक सांगाल? ते नीट उडाले का? एकदा तरी?"

मी त्यांना त्या सकाळचं सगळं सांगितलं. जमीन कशी सुटली, नदीवरचं ते लांब वळण, माणसांचा ओरडा, ते अलगद उतरणं. दुपारचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलगी पुढे येऊन बसली आणि म्हणाली, "वळणाचं परत सांगा." मी परत सांगितलं.

आज हे लिहिताना माझ्या परवान्याची मुदत संपून गेली आहे. नूतनीकरणाला लागणारे उड्डाणाचे तास माझ्याजवळ नाहीत. हिंगोलीहून पुढे काही आलं नाही आणि मी विचारलंही नाही. एका शाळेत गणित शिकवतो. प्रवासातून माणूस काहीतरी घेऊन येतो असं म्हणतात. मी इतकंच घेऊन आलो, की उडायची ओढ शहाणपणापेक्षा मोठी असते हे मला सबनीसाच्या बाबतीत दिसलं आणि स्वतःच्या तोंडून ऐकू आलं. आम्हा दोघांनीही त्याच झडपेत हात घातला होता; फरक एवढाच, की मी त्या दिवशी 'नाही' म्हणालो.

त्या वेळी इंदूरहून नाशिकला घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. वडील आतून बाहेर आले. इतके दिवस कुठे होतो, चेहरा असा का झाला, हे दोघांच्याही नजरेत होतं. पण वडिलांनी तेच विचारलं जे गेलं वर्षभर विचारत होते.

"काय झालं रे नोकरीचं?"

"जागा भरली होती," मी म्हणालो, आणि हातपाय धुवायला मागे गेलो.